कोरड्या पायांचं पवनं

आमच्या बाभूळवाडीच्या बाप्यांना शानं म्हनायची माजी तरी हिंमत न्हाई. तुमी म्हना. तुमाला त्यांच्यासंगं संसार करायचा न्हाई. मी भागूबाई. माज्या मालकांचं नाव सूर्यभान. आमच्या गावच्या तिहेरी कसरत मंडळात ह्ये पान्यात पवन्याचे परमुख हुते, आन् बहात्तरच्या दुष्काळात ह्यांचं त्ये पद जायला लागलं हुतं. पद गेलं आसतं तर मानूसबी गावातनं गेलं आसतं. म्हनून मला त्यात पडावं लागलं, न्हाईतर मला काय करायचीय कसरत? पानी भरून, शेनघान करून आमचं आंग मोडून येतं त्ये काय कमी हाय?

आदी मंडळ कसं झालं त्ये ऐका. तिसगावच्या बाजारात, च्याच्या हाटेलात, आमच्या गावचे तिघं भांडले. कुनाचा खेळ मोठा म्हनून. येक पळनारा, येक सायकलवाला आन् तिसरे आमचे ह्ये, पवनारे. कुनी मागं हटंना. हाटेलवाल्यानं तिघांनाबी कपबशीसकट भाईर काढलं. मंग गावाकडं येता येता त्यांनी तोड काढली, की तिन्ही खेळ येकाच शर्यतीत घालायचे. आदी पवायचं, तसंच वल्ल्या आंगानं सायकलवर बसायचं, आन् उतरलं की पळत सुटायचं. असली शर्यत जगात कुठंच न्हाई, आसं त्ये वाटंनं वरडत आले. आसंल बाई, जगाला कामं आसत्यात.

पळन्याचे परमुख गहिनीनाथभाऊजी, आन् अध्यक्षबी त्येच. तरन्यापनापासनं दरसाल पैठनाहून मढीच्या कानिफनाथाला गोदावरीच्या पान्याची कावड आनायचे. कावड येकदा खांद्यावर घेतली की देवापाशी जाईस्तवर भुईला टेकवायची न्हाई. देवाचं काम हाय, त्याला मी नाव ठिवत न्हाई. पर भाऊजींना कावडीबिगर पळताच येत नव्हतं. मोकळ्या खांद्यानं पळाले की त्ये येका आंगाला कलायचे आन् थेट बांधाखाली जायचे. म्हनून सरावबी कावडीसंगंच. आन् सरावाची कावडसुद्दा मारुतीच्या देवळापसवर टेकवायची न्हाई. मदीच भूक लागली की ती छबूबाईच्या खांद्यावर. छबूबाई त्यांची बायकू. ती बिचारी कावड घिऊन दारात हुबी, आन् भाऊजी आत दानकन मांडी घालून भाकरी खायचे.

सायकलचे परमुख चांदभाई. जवानीत त्यांनी गावोगाव खेळ केला हुता, सात दिस सात राती सायकलवरनं उतरायचं न्हाई ह्यो खेळ. चौकात येक खांब रवायचा आन् त्याच्या भवती गोल गोल, डाव्या आंगानं. जेवन सायकलवर, दाढी सायकलवर, आंघूळबी सायकलवर. शेवटाला गावच्या पाटलानं गळ्यात हार घातला की मंग पाय जमिनीला. उस्तादाला शबूदच दिला हुता त्यांनी, गळ्यात हार पडल्याबिगर उतरनार न्हाई. पर इतकी वर्सं गोल फिरून फिरून त्यांना सरळ जाता यीना. तिसगावला जायचं झालं तर सायकल हातात धरून पायी जायचे. बद्रुन्निसाभाभी, त्यांची बायकू, दारातनं म्हनायची, "आमचे मियाँ सायकलीला बाजार दाखवायला निघाले बघा."

आन् आमचे ह्ये. ह्यांना खाली जाता यायचं आन् वर येता यायचं. आडवं पवनं फारसं जमायचं न्हाई. गावइहिरीत कुनाची घागर पडली, कुनाची कळशी बुडाली, की ह्ये धोतर सोडून लंगोटावर उडी मारायचे आन् भांडं घिऊन वर यायचे. साऱ्या गावची भांडी ह्यांनी काढलीत. बुडालेली भांडी काढायला गळ आसतो ना, लोखंडी आकड्यांचा, त्यो आमच्या गावात न्हाईच. येकानं हौसंनं आनला हुता. ह्यांना इतका राग आला की ह्यांनी त्यो इहिरीत टाकला, मंग सोताच बुडी मारून वर आनला, आन् भंगारवाल्याला दिऊन टाकला.

सगळ्या गावाची भांडी पडायची, माजी न्हाई. माज्या आईनं दिलेली तांब्याची घागर हाय. तिच्या गळ्याला फास मी सोता घालते. माजी गाठ कधी सुटली न्हाई. इतर बायांच्या गाठी सुटायच्या, मी त्यांना नाव ठिवायची. ह्ये मला चिडवायचे, "भागे, साऱ्या गावच्या बायकांची भांडी काढली, तुजं काय काढायचं नशिबात न्हाई. येकदा तरी सोड की गं." मी म्हनायची, "मला काय उद्योग न्हाई व्हय?"

शर्यत दर फाल्गुनात, मढीच्या यात्रेच्या तोंडावर. भाग घ्यायला गावातली तरनी पोरं. पर येक रीत हुती, परमुखाच्या म्होरं कुनी जायचं न्हाई. मोठ्या मानसाला मागं टाकायचं म्हंजी उद्दटपना. त्यामुळं पवन्यात पयला नंबर सूर्यभान, सायकलीत चांदभाई आन् पळन्यात गहिनीनाथ. दर साली ह्येच. आन् दर साली तिघं येकमेकांना नारळ द्यायचे आन् हारलेल्या पोरांच्या पाठी थोपटायचे.

मंग त्यो दुष्काळ आला. आदी इहिरीचं पानी तळाला गेलं, मंग तळाला नुस्ता चिखूल, मंग चिखलाच्या खपल्या. गाव सगळं दुष्काळी कामावर, सडकंची खडी फोडायला. सरकारानं वाटलेली सुकडी खायची आन् खडी फोडायची. टँकर येका दिसाआड यायचा आन् इहिरीत पानी वतून जायचा, मंग आमी बाया दोर टाकून शेंदून घ्यायचो. गुडघाभर पानी, त्येबी घटकाभरात संपायचं.

ह्यांचं मात्र ध्यान इहिरीतच. खडी फोडून आले की काठावर जाऊन बसायचे. पोरांना बोलावून काठावरच्या धोंड्यांवर पालथं पाडायचे आन् हातपाय मारायला लावायचे. "सराव सुटला न्हाई पायजे," म्हनायचे. पोरांची पोटं सोलवटली, त्यांच्या आया माज्या दारात भांडायला आल्या. मी काय सांगू? माजा मानूस कोरड्या इहिरीत पोरं पवाया शिकवतो म्हनून सांगू? पर राती त्यांचं तोंड बघितलं की मला भडभडून यायचं. भाकरी पुढं तशीच. हातावर पान्याचा थेंब पडला तरी त्याच्याकडं बघत बसायचे.

अन् अशात मंडळाची बैठक भरली, चौकातल्या लिंबाखाली. गहिनीनाथभाऊजी कावड घिऊनच आले हुते, सरावाची. हुबं ऱ्हाऊनच बोलले.

"पान्याबिगर पवनं न्हाई, आन् पवन्याबिगर तिहेरी न्हाई. म्हनून टँकर आला की बायांनी घटकाभर थांबायचं. आदी शर्यतीचं पवनं व्हईल, मंग त्यांनी पानी भरावं."

माज्या आंगाचा तिळपापड झाला. आमी बाया कडंला बसलेल्या. मी हुबी ऱ्हायले. "प्यायच्या पान्यात लंगोट घालून बाप्ये उतरनार? आन् तेच पानी आमी लेकरांना पाजायचं? कुनी पाय टाकून तर बघा."

सगळ्या बाया माज्या मागं हुब्या ऱ्हायल्या. भाऊजी गालात हसले. हसू नये तिथं हसायची त्यांना खोडच हाय. म्हनले, "वैनी, मंग तुमीच सांगा. पानी पायजे का मालकाचं पद? पवनं न्हाई झालं तर पवन्याचा विभाग बंद. तिथं गोळाफेक घालू. माजा मेव्हना लई लांब धोंडा फेकतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्ये खाली बघून काडीनं मातीत रेघा मारत हुते. त्यांनी माज्यावर डोळे वटारले आसते तर बरं झालं आसतं.

"पाय पडनार न्हाई," मी म्हनले.

तवा चांदभाई बोलले. चांगला मानूस. "यंदा पवनं शेवटी ठेवू ना अध्यक्ष. आधी सायकल, मंग पळनं. तोवर टँकर येईल, सूर्यभान काय तरी रस्ता काढेल." भाऊजींनी मान हलवली आन् कावड घिऊन मारुतीकडं पळाले. ती टेकवायची हुती ना.

घरी आल्यावर ह्यांनी तोंड उघाडलं. "भागे, तू बरोबर बोललीस. पान्यात पाय टाकायचा न्हाई. मीबी टाकनार न्हाई." मंग कोपऱ्यातली पिशवी वढत म्हनले, "शर्यत झाली की दुसऱ्या दिशी मी नगरपाशी नागापूरला जातो. तुजा भाऊ तिथं नव्या कारखान्यात हाय. दारावर हुबं ऱ्हायला मानूस पायजे म्हनत हुता."

"आन् मी?"

"तू हितं. म्हातारी हाय, म्हस हाय. मी सनासुदीला यीन."

"येक पद गेलं म्हनून गाव सोडायचं?"

"आगं, खडी काय कुनीबी फोडतंय. गावात मला हाक मारत्यात ती कशासाठी? आता इहिरीत काय पडत न्हाई आन् मला कोन हाक मारत न्हाई. हितं ऱ्हाऊन मी कोन?"

मला रडू आलं आन् रागबी आला. मी म्हनले, "माजे नवरे. त्ये पद बारकं हाय व्हय?" त्यांनी ऐकलं, पर त्यांच्या पिशवीत सदरा गेला त्यो गेलाच. मी रातभर त्या पिशवीकडं बघत पडले. मला मानूस घरात पायजे हुता. येडा आसला तर येडा, पर घरात.

शर्यतीचा दिस उगवला. भाऊजी पैठनाहून खरी कावड घिऊन आले हुते, भरलेली. त्यामुळं ती मढीलाच टेकनार, मदी कुठं न्हाई. त्ये लिंबाखाली कावड घिऊन हुबे. छबूबाईला त्यांनी जवळ हुबं केलं हुतं, नाक खाजवायला, कारन हात मोकळे नव्हते.

आदी सायकल. चांदभाई टांग टाकून बसले, आन् पोरं त्यांच्या मागं. दर साली चांदभाई लिंबाभवती फिरायचे, पोरं मागं फिरायची, मंग भाऊजी हार घालायचे आन् सायकल संपायची. यंदाबी फिरायला लागले. डाव्या आंगानं, गोल गोल. धुराळा नुस्ता. फिरतात, फिरतात, संपंनाच.

"आवं आता उतरा की!" कुनीतरी वरडलं.

"हार आणा!" चांदभाई फिरता फिरता वरडले.

हार कुनी आनलाच नव्हता. आनायचा कुठनं? मानसाला प्यायला पानी न्हाई, फुलं कोन लावतंय? भाऊजी म्हनले, "चांदभाई, यंदा हाराबिगर उतरा." चांदभाई म्हनले, "तुमी कावड खाली ठेवा, मी उतरतो." भाऊजींनी कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. आन् परमुख उतरंना म्हनून पोरंबी उतरंनात.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

आता आमची इहीर चौकाच्या पल्याड. टँकरला चौकातनंच वाट. आन् चौकात ह्यो सायकलींचा चरक चालू. डायवर भोंगा वाजवून वाजवून कटाळला. त्यानं खिडकीतनं डोकं भाईर काढलं. "पानी पायजे का न्हाई? न्हाईतर म्होरच्या वस्तीला वतून येतो."

आमी बाया घागरी घिऊन धावलो. बद्रुन्निसाभाभी नवऱ्याच्या सायकलीमागं पळत हुती. "उतरो जी! पानी चाललं!" चांदभाईंचे डोळे भरून आलेले, पर पाय फिरतच हुते. "उस्तादको जबान दी है, बेगम!" म्हनत म्होरं गेले.

मी टँकरकडं बघितलं. त्याच्या तोंडाला दसऱ्याचा वाळका झेंडूचा हार लटकत हुता, धुळीनं माखलेला. मी पदर खोचला आन् चाकावर पाय ठिवून वर चढले.

"वो मावशी! देवाचा हार हाय त्यो!"

"देवाचंच काम हाय रं बाबा," म्हनले, आन् हार वरबडून काढला. चांदभाई फिरून माज्याम्होरं आले तशी त्यांच्या गळ्यात फेकला. त्यो कानावर आडकला, पर आडकला. चांदभाईंनी करकन् बिरेक दाबला, जमिनीला पाय लावला, आन् हुंदका देत म्हनले, "पहिला नंबर." पोरं त्यांच्यामागं येकावर येक आदळली.

सायकल संपली. संपली म्हनताच भाऊजी कावड घिऊन सुटले. खांद्यावर वजन हाय म्हनल्यावर त्ये रेघंवानी सरळ. पोरं त्यांच्या मागं, पोरांच्या मागं सगळा गाव, चांदभाई सायकल हातात धरून शेवटी. यात्राबी व्हती ना मढीला, दर्शनबी व्हईल म्हनून जो त्यो निघाला. भाऊजी मान न वळवता वरडले, "सूर्यभान! आमी येईस्तवर पवनं झालं पायजे! न्हाईतर गोळाफेक!"

घटकेत गाव मोकळं, मागं ऱ्हायलो त्या पान्यासाठी थांबलेल्या आमी बाया. बाप्या म्हनून येकच ऱ्हायला, माजा. अध्यक्ष न्हाई, पंच न्हाई, भाग घेनारा न्हाई. असलं पवनं जगात कुठंच न्हाई, ह्ये मात्र खरं.

टँकरनं इहिरीत पानी वतलं आन् गेला. आमी बाया भवतीनं काठावर हुब्या. ह्ये आले. लंगोट बांधला हुता, वरनं धोतर खांद्यावर. काठापाशी आले.

"अवं, पाय टाकायचा न्हाई," मी म्हनले.

"मी कुठं टाकतोय. नुस्तं बघायला आलो."

बघितलं त्यांनी. लई वेळ बघितलं. खाली गुडघाभर पानी, वरनं ऊन पडलेलं, त्याची झाक इहिरीच्या भिताडावर हालत हुती. मंग त्यांनी खांद्यावरचं धोतर काढलं आन् नेसायला लागले. निऱ्या घालता घालता म्हनले, "सकाळची नगरची यष्टी किती वाजता हाय गं, छबूबाई?"

छबूबाई माज्याकडं बघायला लागली.

बायांनी दोर सोडायला सुरुवात केली. पानी जास्ती वेळ ऱ्हानार न्हाई, घाई करायला पायजे. मीबी घागरीला फास घातला. घट्ट घातला, सवयीनं. ह्यांनी धोतराचा काष्टा खोचला. आता ह्ये वळनार, घरी जानार, पिशवी उचलनार. मी घागर काठावर धरली, आन् कोन जाने काय झालं, माजी बोटं गाठीपाशी गेली. गाठ लई घट्ट हुती. मेली सुटंना. दातानं सोडवली. मंग घागर सोडली.

खाली धबकन् आवाज झाला. आईची घागर गडगडत मदोमद जाऊन आडवी पडली. दोराचं टोक माज्या हातात, मोकळं.

ह्ये थबकले. वळले न्हाईत, पर थबकले.

छबूबाईनं माज्या दाताकडं बघितलं, हातातल्या दोराकडं बघितलं, ह्यांच्या पाठीकडं बघितलं. ह्यांचं पद गेलं तर तिच्याच भावाला मिळनार हुतं बरं का. ती म्हनली, "अगं बया! सुटलीच की माजी!" आन् तिची कळशी खाली गेली. बद्रुन्निसाभाभी म्हनली, "या अल्ला, माझीबी!" मंग काय, धबाधब धबाधब. येकीची सुटली, दुसरीची निसटली, तिसरी म्हनली माज्या हाताला घाम आला. येकीनं तर बादली दोरासकट टाकली, तिला कुनीतरी म्हनलं, दोर तरी ठिवायचा हुता भवाने.

काठावर आता भांडं म्हनून ऱ्हायलं न्हाई. घरी पानी न्यायचं कशात? गळ न्हाई गावात. मी हाक मारली. लगीन झाल्यापसनं इतक्या मोठ्यानं मी कधी हाक मारली नव्हती.

"अवं! इहिरीत भांडी पडली!"

ह्ये वळले. त्यांच्या तोंडावर काय हुतं त्ये मला सांगता यायचं न्हाई. काठापाशी आले, खाली वाकून बघितलं. "येवढी? आन् सगळी येकदम?"

"वारं सुटलं हुतं," छबूबाई म्हनली. पान हालत नव्हतं.

"पर पान्यात पाय टाकायचा न्हाई," त्ये म्हनले.

"न्हाईच टाकायचा," मी म्हनले. "पान्यात पाय पडला तर मी तुमाला सोता नागापूरला सोडून यीन."

त्यांनी डोकं खाजवलं. मंग मोटंच्या चाकाकडं बघितलं. इहिरीला जुनी मोट हाय, तिचा जाड नाडा चाकावरनं गेलेला, आन् बैल मोट वढताना ज्या उताराला चालायचे ती धाव मागं. म्हनले, "पाय वर बांधा. डोस्कं खाली सोडा. हात तर चालतील?"

हातांची आमी चर्चा केली. राखंनं घासून घ्यायचे आसं ठरलं. छबूबाईनं त्यांच्या डोक्याला आन् मिशांना धडपं गुंडाळलं, घामाचा थेंब पडाय नको म्हनून. पायाला नाडा मी बांधला. गाठ माजी. मंग दोर सोडायला छबूबाई काठावर, आन् बाकीच्या आमी धावंवर बैलांच्या जागी नाडा धरून हुब्या ऱ्हायलो आन् हळूहळू इहिरीकडं सरत त्यांना खाली सोडलं, उलटं, वटवाघळागत.

"आजून खाली!" आतनं आवाज आला. "बास! डाव्या आंगाला!"

मी नाड्यात सगळ्यात म्होरं हुते, मला आतलं दिसत हुतं. ह्यांचे हात पान्यात गेले. पयली घागर माजी आली त्यांच्या हाताला. ती वर दिली दोराला बांधून. मंग दुसरं भांडं लांब पडलेलं. तिथं जायला ह्यांनी पान्यात हात मारला, येक, मंग दुसरा. नाडा झुलला आन् ह्ये पान्यावरनं सरसर आडवे गेले. मंग परत हात मारत मागं आले. आडवं! उभ्या जन्मात ह्यांना आडवं पवाया आलं नव्हतं, त्ये आता उलटं टांगून आलं. धडप्यातनं हसायचा आवाज येत हुता. नाडा आमच्या हातात कापत हुता आन् बाया रडत हुत्या का हसत हुत्या, आमचं आमालाच कळंना. हाताची सालटी निघाली माज्या. मी नाडा सोडला न्हाई.

शेवटचं भांडं वर आलं तवा ह्यांना वढून घेतलं. तोंड लालबुंद झालं हुतं. पाय कोरडे ठाक. पानी जसंच्या तसं, नितळ. त्याच भांड्यांनी आमी त्येच पानी भरलं आन् घरी नेलं.

दिस मावळायच्या आदी गाव मढीहून परतलं. भाऊजी रिकामी कावड घिऊन चौकात आले, तोंडाला फेस आलेला, ववठ फुटलेले. येताच म्हनले, "सूर्यभान, पंच नव्हते, पवनं कसं धरायचं? विभाग बंद. उद्यापसनं गोळाफेक."

"पंच आमी हुतो," छबूबाई म्हनली.

"तुमी? पाय भिजले का त्याचे?"

"न्हाई भिजले."

"पाय भिजल्याबिगर पवनं व्हतंय व्हय?"

छबूबाई तशीच वळली. घरात गेली आन् तांब्याभर पानी घिऊन आली. भाऊजींनी हात म्होरं केला तशी तिनं तांब्या मागं घेतला. "ह्ये पानी पवून काढलेल्या भांड्यातलं हाय. पवनं झालं आसंल तर ह्ये पानी हाय. पवनं झालं नसंल तर ह्ये पानीबी न्हाई. ठरवा."

भाऊजींनी तांब्याकडं बघितलं. मंग मेव्हन्याकडं बघितलं. मेव्हना तांब्याकडंच बघत हुता, त्यालाबी तहान लागली हुती.

"पयला नंबर सूर्यभान," भाऊजी म्हनले, आन् घटाघटा पानी प्याले.

राती जेवनं झाली. ह्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी भांडी घासत हुते. ह्ये आईच्या घागरीपाशी बसले, दोराचं टोक हातात घिऊन दिव्याच्या उजेडात बघायला लागले. मला वाटलं आता बोलत्यात. त्यांनी त्ये टोक बोटांनी चाचपलं.

"दोर तुटला न्हाई," मंग म्हनले. "गाठ सुटलीया. आन् दोराला दाताचे वन हायेत."

"उंदराचे आसतील," मी म्हनले.

त्ये उठले. कोपऱ्यातली पिशवी घेतली, तिच्यातला सदरा काढला आन् परत खुटीला आडकवला. मंग आतरुनावर पडले. मला वाटलं झोप लागली, म्हनून मी दिवा बारीक केला.

"भागे."

"काय?"

"परवा टँकर आला की जरा ढिली बांध. दात दुखतील तुजे."